मदत हवी आहे: कुत्र्याला सोबत नेता येईल अशी डोंगरवाट सुचवावी

मेहरूणकर (धागाकर्ता)
नमस्कार. येत्या रविवारी कुत्र्याला घेऊन डोंगरात जायचे आहे आणि आज गुरुवार उजाडला तरी जागा ठरलेली नाही. मागच्या रविवारी आम्ही पहाटे निघून एका अभयारण्याच्या नाक्यापर्यंत गेलो, तेथे कुत्रा आत नेता येणार नाही असे सांगून आम्हाला परत पाठवले आणि सगळा दिवस वाया गेला. झाडी असावी, थोडी चढण असावी आणि कुत्र्यावरून कोणी हटकू नये, एवढीच अपेक्षा आहे. कृपया नेमके नाव सांगावे. 'इंटरनेटवर शोधा' असे सांगू नये, ते करून झाले आहे.

लळिंगवाट
लळिंगचा किल्ला. धुळ्याच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा महामार्गाला लागूनच आहे. गाडी पायथ्याच्या गावात लावावी आणि उजाडताच चढायला लागावे. माझी गावठी कुत्री गेली पाच वर्षे माझ्याबरोबर हा किल्ला चढते आणि आम्हाला आजवर कोणीही अडवलेले नाही. दुसरीकडे कुठे शोधायची गरजच नाही.

अंजनसावली
भाऊ, आपण कोठून निघणार, कुत्रा कोणत्या जातीचा व किती वयाचा आहे, त्याला साखळीची सवय आहे का आणि लसी झाल्या आहेत का, यांपैकी काहीच लिहिलेले नाही. त्याशिवाय जागा कशी सुचवणार?

नाक्यावरच्या माणसाने मात्र आपले कामच केले. यावल अभयारण्य 1969 पासून आहे, गौताळा-औट्रमघाट 1986 पासून आहे आणि चाळीसगावजवळचा पाटणादेवीचा परिसर याच गौताळ्यात येतो. शिरपूरकडचे अनेर धरणाचे अभयारण्यही तसेच. ही तिन्ही नावे यादीतून आधीच काढून टाकावीत. पाळीव कुत्र्याकडून रानातल्या प्राण्यांना कॅनाइन डिस्टेंपरसारखे रोग लागू शकतात. 2018 साली गीरमध्ये काही आठवड्यांत 23 सिंह मेले आणि त्यांतल्या अनेकांत याच रोगाचा विषाणू सापडला. उलट बाजूने बिबट्याला कुत्रा म्हणजे सोपी शिकार. अकोले तालुक्यात शास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. बंदी आहे ती दोघांच्याही जिवासाठी आहे.

शहाद्याचा_वाटसरू
तोरणमाळला या. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,150 मीटर उंची आहे, यशवंत तलावापासून सीताखाईपर्यंत चालताना हवा गार असते आणि तोरणमाळ अभयारण्यात मोडत नाही. दिवाळीत येत असाल तर अस्तंब्याच्या डोंगरावरची यात्राही साधता येईल.

अंजनसावली
दादा, तोरणमाळबद्दल मी सहमत आहे, परंतु अस्तंब्याच्या यात्रेत कुत्रा नेऊ नये. धनत्रयोदशीच्या सुमारास तेथे रात्रंदिवस माणसांची रांग चालत असते, वाट अरुंद व दगडांची आहे, आणि त्या गर्दीत कुत्रा बिथरला तर माणसेही घसरतील. तोरणमाळच्या वाटेवरही पाड्यांवर शेळ्या-कोंबड्या मोकळ्या असतात, त्यामुळे साखळी सुटता कामा नये. एक कोंबडी मेली तर ज्याच्या दारात मेली त्याचे नुकसान खरे असते.

मेहरूणकर
जळगावहून निघणार आहोत, हे नावावरून लक्षात येईल असे वाटले होते. लॅब्रॅडॉर आहे. लसी वेळच्या वेळी झालेल्या आहेत. साखळी आहे. तोरणमाळ एका दिवसात जाऊन येण्याजोगे नाही. आता तरी जागा सांगावी.

फैजपूरकर
कुत्र्याला रेल्वेने न्यायचे असल्यास पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात पूर्ण कूपे, म्हणजे दोन बर्थची बंद खोली, आरक्षित करावा लागतो, अन्यथा त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवतात. आम्ही भुसावळहून एकदा नेले होते. पेटीतला प्रवास कुत्र्याला फार त्रासाचा होतो, म्हणून कूपेच घ्यावा.

मेहरूणकर
आम्ही स्वतःच्या गाडीने जाणार आहोत.

दवाखाना_चोपडा
मी पशुवैद्य आहे. वय आणि वजन सांगितल्याशिवाय कोणीही आपल्याला जागा सुचवू नये, अशी माझी विनंती आहे.

मेहरूणकर
वय नऊ वर्षे, वजन 38 किलो. उठताना मागचे पाय थोडे आखडतात, पण चालू लागला की ठीक असतो. रविवारच का, तेही लिहितो. मुलगा पुण्याला शिकतो, तो शनिवारी रात्री दिवाळीसाठी घरी येत आहे. ब्रुनोला आणले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. 'एकदा त्याच्याबरोबर डोंगरात जायचे आहे, पुढच्या वर्षी त्याला जमेल की नाही कोण जाणे,' असे तो फोनवर म्हणाला. म्हणून मी घाई करत आहे.

दवाखाना_चोपडा
दादा, हे आधी लिहिले असते तर बरे झाले असते. नऊ वर्षांचा आणि एवढ्या वजनाचा लॅब्रॅडॉर, त्यात मागचे पाय आखडतात, म्हणजे त्याला किल्ल्याची चढण अजिबात नको. उतरताना सांध्यांवर अधिक भार येतो, आणि दुखत असले तरी हे कुत्रे मालकाच्या मागे चालतच राहतात.

दुसरी गोष्ट उन्हाची. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड ठेवतो. त्याचे नेहमीचे तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते, 104 च्या वर गेले की धोका सुरू होतो. आपल्याकडे दिवाळीतही दहानंतर काळा दगड तापतो. हाताची मागची बाजू दगडावर सात सेकंद टेकवता आली नाही, तर कुत्र्याला त्यावर चालवू नये. जीभ गडद लाल झाली, लाळ चिकट झाली किंवा तो लडखडू लागला, तर लगेच सावलीत घेऊन पोट, मांड्या व पंजे साध्या पाण्याने भिजवावेत, वारा घालावा आणि दवाखाना गाठावा. बर्फ लावू नये. एवढ्या वजनाच्या कुत्र्याला घरी बसून दिवसाला सुमारे दोन लिटर पाणी लागते, तेव्हा त्याच्यासाठी निदान तीन लिटर वेगळे न्यावे.

लळिंगवाट
माझी कुत्री अकरा वर्षांची आहे आणि आजही चढते. शहरातले कुत्रे लाडाने जड होतात, याला डोंगर काय करणार? हळूहळू चढवले तर हाही चढेल.

दवाखाना_चोपडा
आपली कुत्री पाच वर्षांपासून चढते आहे आणि तिचे वजन याच्या निम्मेही नसेल. ब्रुनोला एका रविवारी एकदम किल्ल्यावर नेणे धोक्याचे आहे, आणि माथ्याजवळ तो बसला तर 38 किलो खांद्यावर घेऊन उतरणार कोण?

तापीकाठ
मग हतनूरच्या जलाशयाकाठी न्यावे. सपाट आहे, पाणीही आहे.

पाणपक्षी
कृपया नको. हिवाळ्याच्या तोंडावर तेथे दुरून आलेली बदके उतरू लागतात आणि लॅब्रॅडॉर पाणी दिसले की थांबत नाही. एका उडीत सगळा थवा उठतो, आणि हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखरांना पुन्हा पुन्हा उठवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. शिवाय धागाकर्त्यांना झाडी आणि चढण हवी आहे.

एरंडोलचा_पाहुणा
पद्मालय. एरंडोलहून गणपतीच्या देवळाकडे जाणारा रस्ता जंगलातून हलक्या चढणीने जातो आणि हे अभयारण्य नाही. गाडी अलीकडे लावून रस्त्याच्या कडेने एक-दीड किलोमीटर चालावे आणि ब्रुनो थकला की तेथूनच परत फिरावे. देवळाच्या आवारात व कमळांच्या तळ्यात त्याला नेऊ नये. आदल्या दिवशी वनरक्षकाला विचारून घ्यावे आणि ऊन पडल्यावरच निघावे, कारण बिबट्या हद्द पाहून फिरत नाही.

अंजनसावली
ही जागा योग्य आहे. फक्त गवतात उतरू देऊ नका. पावसाळा संपला की कुसळी गवत पिकते. माझ्या कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात असेच एक कुसळ गेले होते. वरून केसांत तांबूस काडीएवढे दिसत होते आणि मी ते गोचीड समजून ओढले, तर अर्धे आतच तुटले. त्याची टोके काट्यासारखी मागे वळलेली असतात, त्यामुळे ते पुढेच सरकत जाते. चार दिवसांनी पंजाला गळू आले आणि कापून काढावे लागले. घरी आल्यावर प्रत्येक बोट फाकवून, कान उलटून आणि बगलेत हात फिरवून पाहावे. गोचिडीही तेथेच सापडतात.

मेहरूणकर (रविवार, संध्याकाळ)
पद्मालयला जाऊन आलो. सात वाजता चालायला सुरुवात केली आणि पाऊण किलोमीटरवर ब्रुनो एका सागाखाली बसला. मुलाने त्याला उठवले नाही, तोही शेजारी बसला. तासभर दोघे तसेच बसले होते. नऊच्या आत परत फिरलो. मी आपल्या सर्वांशी तुटकपणे बोललो, त्याबद्दल क्षमस्व.

बोटे फाकवून पाहिली. डाव्या पुढच्या पंजातून एक कुसळ चिमट्याने निघाले, टोकासह पूर्ण आहे असे वाटते. डॉक्टर, उद्या दाखवायला आणावे का?

दवाखाना_चोपडा
पूर्ण निघाले असेल तर घाई नाही. कोमट पाण्यात थोडे मीठ घालून दोन वेळा पंजा धुवावा आणि कोरडा करावा. तो पंजा सतत चाटू लागला, सूज आली किंवा लंगडला, तर त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्याला दाखवावे.