बाबांच्या कॅसेटींतली खरखर ठेवू की काढू?

माळ्यावरचा: माळा आवरताना बाबांच्या २३ कॅसेटी सापडल्या. पाठीवर त्यांच्या अक्षरात ‘बुधवार, गीतमाला, ७८’. म्हणजे ‘बिनाका गीतमाला’, हिंदी सिनेगीतांच्या क्रमवारीचा कार्यक्रम. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या. रेडिओ सिलोन येतंय-जातंय, मध्येच कुकरची शिट्टी, एकदा आई "अहो, पानं वाढलीत" म्हणते. गाणी काय, कुठेही मिळतात. पण दोन गाण्यांमधलं निवेदक अमीन सयानींचं बोलणं, गाण्याच्या क्रमांकाला ते म्हणायचे ते ‘पायदान’, तो बिगुल? माणूस २०२४ मध्ये गेला. माझ्या मते जाहिराती-खरखरीसकट सगळं यूट्यूबवर टाकावं.

पंचवीस_मीटर: खरखरीसकट कोण ऐकणार? आमची मुलं दहा सेकंदांत पुढे जातात. आधी साफ करा.

माळ्यावरचा: केलं होतं की! एक कॅसेट दुकानात दिली. खरखर गेली, आणि तिच्याबरोबर ‘स’ आणि ‘श’ही गेले. सयानी माठात तोंड घालून बोलतायत असं वाटतं.

पंचवीस_मीटर: दुकानदार चुकला म्हणून साफसफाई वाईट ठरत नाही. मूळ फाइल हात न लावता ठेवा, साफ केलेली प्रत वेगळी करा.

कायद्याचं_बोला: भावना कळतात, पण कॅसेट तुमची, आतली गाणी नाहीत. आपल्या कायद्यात प्रसारणाचा हक्क २५ वर्षांत संपतो, पण गीतकार-संगीतकारांचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. उदाहरणच घ्यायचं तर गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे गीतरामायणाचे शब्द २०३७ पर्यंत. बाबूजी (सुधीर फडके) २००२ मध्ये, म्हणजे चाली २०६२ पर्यंत. वारसांच्या हक्काचं आपण परस्पर वाटून टाकायचं?

माळ्यावरचा: २०६२ पर्यंत फीत टिकेल? आत्ताच दोन कॅसेटींच्या, फीत दाबून धरणाऱ्या गादीचा फेल्ट गळून पडलाय, एकीला बुरशी आहे. आणि गीतरामायणाचंच घ्या. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे कितीतरी आवाज होते. आज दहा जणांना विचारा, नऊ जण फक्त बाबूजींचं नाव घेतील. नुसतं जपून भागत नाही, कानावर पडावं लागतं.

कायद्याचं_बोला: मग गाणी कापून फक्त निवेदन टाका.

माळ्यावरचा: पोहे काढून घेऊन कोथिंबीर-खोबरं वाढल्यासारखं होईल ते.

जुनी_सुई: आमच्या संग्राहक मंडळींत तिसरीच तऱ्हा. ‘अनमोल ठेवा’ म्हणत कपाटाला कुलूप, नि वर्षातून एकदा स्नेहमेळाव्यात पाच मिनिटं ऐकवायचं. त्यापेक्षा यूट्यूबवरून उडालं तरी चालेल, चार जणांनी उतरवून घेतलेलं असेल. मात्र बुरशीवाली लावू नका, टेपरेकॉर्डरचं हेड (फीत वाचणारा भाग) खराब होईल. बाकीच्या एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून मगच वाजवा. आवाज दबका वाटला तर हेडचा बारीक स्क्रू हलवून बघा. अर्धी ‘सफाई’ तिथेच होते.

कायद्याचं_बोला: चार जणांनी उतरवून घेणं हाच तर माझा मुद्दा आहे!

माळ्यावरचा: स्क्रू हलवला. ‘श’ परत आला! आईला ऐकवलं. ती म्हणते, ७८ साली आपल्याकडे कुकर नव्हता, शिट्टी शेजारच्यांची.