नामवंत कलावंतांच्या अपत्यांनी त्याच कलेत उतरावे का?

चर्चाप्रस्ताव
नामवंत गायकाची मुलगी मंचावर बसली की तिचा षड्ज लागण्याआधीच श्रोत्यांत दोन तट पडलेले असतात: एकाला तिच्यात बापाचा गळा शोधायचा असतो, तर दुसऱ्याला ती वशिल्याने आली असे म्हणायचे असते. माझे मत स्पष्ट आहे. आईवडिलांनी ज्या कलेत नाव कमावले, ती सोडून अपत्याने शेजारची कला धरावी. संगीतकार मोत्सार्टचा धाकटा मुलगा फ्रान्झ झेवियर जुलै १७९१ मध्ये जन्मला आणि त्याच डिसेंबरात वडील गेले. ज्यांच्याकडून एक धडाही मिळाला नाही, त्यांच्याच नावाने तो मैफिली करीत राहिला आणि १८४४ मध्ये वारला, तेव्हा ‘पित्याचे नाव हाच याचा मृत्युलेख असो’ अशा अर्थाचे शब्द त्याच्या थडग्यावर कोरले गेले.

प्रतिसाद १
असहमत. फ्रान्झला नाव मिळाले, तालीम मिळाली नाही. वारसा म्हणजे तालीम. गायिका मोगूबाई कुर्डीकर शिकवताना अस्ताई-अंतरा (बंदिशीचे दोन भाग) दोनदाच म्हणत, तिसऱ्यांदा नाही, असे त्यांच्या कन्या आणि शिष्या किशोरी आमोणकरांनी सांगितले आहे. असा कान घरात घडल्यावरही त्यांनी जयपूर घराण्याच्या चौकटीबाहेर पाऊल टाकले आणि त्याबद्दल टीकाही सोसली. त्यांनी ‘शेजारची कला’ धरली असती, तर काय गमावले असते याचा विचार करावा.

प्रतिसाद २ (प्रस्तावक)
किशोरीताई अपवाद आहेत, आणि अपवादच आपल्या लक्षात राहतात. घरात गुरू नसलेल्या विद्यार्थ्याला तेच ऐकण्यासाठी दारोदार फिरावे लागते, त्याचे काय?

प्रतिसाद ३
माझे वडील चित्रकार. फार मोठे नाही, पण त्यांच्या वर्तुळात नावाजलेले. चौकटीवर कॅनव्हास ताणताना खिळे आधी चारही बाजूंच्या मध्यावर ठोकायचे आणि मग कोपऱ्यांकडे सरकायचे, हे मला दहाव्या वर्षी ठाऊक होते. महाविद्यालयात सोबतचे विद्यार्थी सुरकुत्यांशी झगडत असताना मी रंग लावू लागलेलो असे. हा फायदा अन्याय्य आहे, हे मला मान्य आहे. पण त्याला वशिला म्हणता येणार नाही. त्याची किंमत वेगळ्या ठिकाणी चुकवावी लागली. पहिल्या प्रदर्शनात एका जाणकाराने माझ्या चित्रातल्या सावलीकडे बोट दाखवून, “हा वडिलांचा निळा,” असे कौतुकाने म्हटले. त्यानंतर दोन वर्षे मी निळ्याला हात लावला नाही. तो हट्ट मूर्खपणाचा होता, हे आज कळते.

प्रतिसाद ४
प्रस्तावकांच्या ‘शेजारच्या कले’बद्दल एवढेच: चित्रकार रेन्वारचा मुलगा ज्याँ चित्रपटांकडे वळला, म्हणजे अगदी आपण सांगता तसे, परंतु सुरुवातीच्या मूकपटांचा खर्च भागवण्यासाठी त्याने वडिलांचीच चित्रे विकली. कला बदलली तरी फसण्याची मुभा घरूनच आली. खरा भेद तिथे आहे: एकाला चार वेळा फसता येते, दुसऱ्याला एकदाच.

प्रतिसाद ५ (प्रस्तावक)
मुद्दा मान्य, ‘शेजारची कला’ मागे घेतो, पण तुलनेच्या जाचाबद्दलचे मत कायम आहे. प्रतिसाद ३ च्या लेखकांना विचारावेसे वाटते: आपण चित्रावर सही कशी करता?

प्रतिसाद ६ (प्रतिसाद ३ चा लेखक)
बरीच वर्षे आडनाव गाळत होतो. आता पूर्ण नाव लिहितो, पण कॅनव्हासच्या मागे.