घरच्या घरी शॉकअप बदलताना: तुमचे अनुभव

गेल्या रविवारी गाडीचे पुढचे दोन्ही स्ट्रट (स्प्रिंग बसवलेले शॉकअप) घरीच बदलले. दोन तासांचं काम समजून बसलो, उठलो ते दिवेलागणीला. हा उद्योग आणखी कुणी केलाय? फसलेलं आधी लिहा, जमलेलं नंतर.

माझं फसलेलं: स्ट्रट चाकाच्या नकलला (चाक ज्यावर बसतं त्या धातूच्या भागाला) दोन बोल्टांनी धरलेला असतो. त्या भोकांत थोडी ढिलाई असते आणि चाकाचा कॅम्बर, म्हणजे आत-बाहेर कल, तिथेच बदलतो. जुन्या जागेवर पांढऱ्या रंगाची खूण केली होती, तरी स्टिअरिंग वाकडं झालंच. अलाइनमेंटचा खर्च आधीच धरून चाला.

*

मागचे शॉकअप त्या मानाने पोरखेळ. ॲक्सलखाली जॅक, वर-खाली एकेक बोल्ट, संपलं. पण मी सगळं गाडी उचललेली असतानाच करकचून आवळलं. चाकं जमिनीवर आल्यावर बोल्टाभोवतीच्या बुशचं रबर पिळलं गेलं आणि काही महिन्यांत फाटलं. आता बोल्ट नुसते अडकवते, गाडीचं वजन चाकांवर येऊ देते आणि मगच आवळते.

*

स्प्रिंगबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. स्ट्रट वर जिथे गाडीला जोडतात त्या माउंटच्या मधोमध जो नट असतो, त्यानेच दाबलेली स्प्रिंग अडवून धरलेली असते. बॉनेटखालून तो सहज दिसतो, म्हणून हात तिकडेच जातो. आधी बाजूचे नट सोडवून अख्खा स्ट्रट बाहेर काढायचा, कंप्रेसरने स्प्रिंग दाबायची, ती वरच्या बैठकीतून मोकळी झाली की मगच मधला नट.

मी समोरासमोर कंप्रेसरचे दोन आकडे (हुक) लावून आळीपाळीने थोडं थोडं आवळत होतो. मध्येच एक आकडा वेटोळ्यावरून बोटभर सरकला. टक्क! एवढाच आवाज. पाना खाली ठेवला, पाणी प्यायलो, दोन्ही आकडे उलटे फिरवून सोडवले आणि स्प्रिंग-माउंटसकट जोडलेले तयार स्ट्रट मागवले. महाग पडले. पडू देत.

*

मधला नट फिरताना शॉकअपचा दांडा पण फिरतो, म्हणून मी तो पकडीने धरला. चकचकीत दांड्यावर ओरखडे उठले, त्यांनी सील कापलं आणि नवाकोरा शॉकअप तेल गाळू लागला. दांड्याच्या टोकाला ॲलन-की बसायला खाच असते हो! ती मला नंतर दिसली.

*

स्ट्रट सुटला की नकल बाहेर कलंडतं आणि सगळा भार ब्रेकच्या होजवर (रबरी नळीवर) येतो. तारेने बांधून ठेवा. एबीएसची वायरही आधीच क्लिपातून सोडवा, माझी तुटली.

*

माझं काम झालं, पण खड्ड्यात डावीकडून खडखड. स्प्रिंगचं टोक खालच्या बैठकीच्या खाचेत बसलं नसेल म्हणून स्ट्रट पुन्हा उतरवला, तर ते व्यवस्थित होतं. माउंटही ठीक. सगळं परत जोडताना लिंक रॉडचा (स्ट्रटला जोडलेल्या बारक्या दांडीचा) नट हाती लागला. पहिल्या वेळी तो मी नुसता बोटांनी लावून चहाला गेलो होतो.