टार्गेट झालं नाही म्हणून राजीनामा मागितला, तेव्हा तुम्ही काय केलं?

मागच्या आठवड्यात पाचोऱ्याचा मावसभाऊ रात्रीच घरी आला. औषध कंपनीत एमआर आहे, म्हणजे डॉक्टरांना भेटून कंपनीची औषधं खपवणारा प्रतिनिधी. साहेबांनी जळगावला हॉटेलात बोलावून छापील राजीनामा पुढे सरकवला. "सही कर, अनुभवाचं पत्र चांगलं देतो." त्याने चार दिवस मागून घेतलेत. खान्देशात ज्यांनी हे भोगलंय त्यांनी लिहा, कंपनीचं नाव न घेता.

एमआर, भुसावळ
सही करू नका. एकदा राजीनामा दिला की तो जबरदस्तीने घेतला हे सिद्ध करणं आपल्या गळ्यात पडतं. २०२२ च्या पावसाळ्यात माझं टार्गेट चार लाखांवरून साडेसहावर नेलं. भाग तोच, डॉक्टर तेच, वर दोन स्टॉकिस्ट (कंपनीचा माल घेऊन दुकानांना पुरवणारे) सुटलेले. महिनाअखेरीला आकडा दाखवायला स्टॉकिस्टकडे माल टाकायचा, पुढच्या महिन्यात परत घ्यायचा, हा खेळ मी थांबवला आणि आकडा पडला. आधी बदलीची धमकी, मग काढल्याचं पत्र. घरी वडील एवढंच म्हणाले, "व्हई ते व्हई, पण सही नको करू."
युनियनच्या दादांमुळे कळलं की १९७६ च्या विक्री संवर्धन कर्मचारी कायद्याने एमआरला तेव्हा कामगाराचं संरक्षण होतं, आणि महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली ९० दिवसांत तक्रार करावी लागते. मी ८१ व्या दिवशी कामगार न्यायालयात पोचलो. तीन वर्षांचे सेकंडरी सेलचे (स्टॉकिस्टकडून दुकानांत गेलेल्या मालाचे) आकडे आणि 'माल टाक' म्हणणारे व्हॉट्सॲप मेसेज कामी आले. निकालापर्यंत गेलोच नाही. चौदा महिन्यांनी तडजोड झाली, दहा महिन्यांचा पगार मिळाला. नोकरी गेली ती गेलीच.

विमा विक्री, धुळे
माझ्याकडे वकिलाला द्यायला पैसे नव्हते. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात बाईला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, हे मला शेजारच्या ताईंनी सांगितलं. १५१०० वर फोनही लागतो. वकीलबाईंनी आधी ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सुटताना मिळणाऱ्या रकमेचा, अर्ज करायला लावला. माझी सात वर्षं भरलेली, मूळ पगार २२ हजार. त्याला १५ ने गुणून २६ ने भागायचं, मग गुणिले सात: ८८,८४६ रुपये. टार्गेट चुकलं म्हणून ती रक्कम अडवता येत नाही.

बियाणे कंपनी, शहादा
माझ्या हुद्द्यात 'मॅनेजर' होतं, हाताखाली एकही माणूस नाही. कायद्याने कामगार कोण हे ठरवताना हुद्दा नाही, प्रत्यक्ष काम बघतात, हे खरं. पण वकील स्पष्ट बोलले की नुसत्या विक्रीच्या माणसाला कामगार ठरवून घेणं अवघड. मी नेमणूकपत्रातल्या दोन महिन्यांच्या नोटिशीच्या पगारासाठी नोटीस धाडली. तेवढा मिळाला.

भुसावळवाला पुन्हा
एक राहिलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्या कामगाराच्या व्याख्येत विक्री संवर्धन कर्मचारी आहेत. माझा मामला जुन्या कायद्यातला, म्हणून भावाने वकिलाला आधी आजची मुदत विचारावी.

धागा काढणारा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून त्याने साहेबांना मेल केला: "मी राजीनामा देत नाही. कामावर हजर आहे. टार्गेट कशाच्या आधारे ठरवलं, ते लेखी कळवावं." आज सकाळी तो नेहमीसारखा बॅग घेऊन चाळीसगावच्या कॉलवर, म्हणजे डॉक्टरांच्या भेटीला, गेला.