‘मुन्धुम’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : पूर्व नेपाळमधल्या लिम्बू-राई, म्हणजे किरात लोकांवर मराठीत लेख लिहिते आहे. त्यांच्या सृष्टिकथा आणि विधी सांगणाऱ्या पिढीजात ‘मुन्धुम’साठी ‘मौखिक धर्मग्रंथ’ असे लिहिले, पण वाचताना खटकते. ग्रंथ म्हणजे गुंफलेला, बांधलेला. तो तोंडी कसा असेल? ‘किरातांचा वेद’ चालेल का?

उत्तर : खटकते ते योग्यच आहे. पण ‘वेद’ त्याहून फसवा आहे. वेदाचा स्वरही हलू नये म्हणून पदपाठ, घनपाठ अशा पाठांतराच्या पद्धती झाल्या. मुन्धुम गावागणिक, कुळागणिक, गाणाऱ्यागणिक बदलते आणि तरीही मुन्धुमच राहते. नावही एक नाही: लिम्बूंचे मुन्धुम, राईंच्या काही शाखांत मुन्दुम किंवा रिदुम, सुनुवार या तिसऱ्या किरात समाजाचे मुकदुम.

‘दंतकथा’ किंवा ‘मिथक’ मात्र मुळीच नको. सृष्टी कशी झाली, सुम्निमा-पारुहांग हे आद्य माता-पिता कोण, हे त्यात आहेच. पण लग्न कसे लावायचे, मेलेल्याच्या आत्म्याला पूर्वजांकडे कोणत्या वाटेने पोचवायचे, हेही मुन्धुमच सांगते. लिम्बूंत फेदांगमा, साम्बा, येबा हे ते जाणणारे पुरोहित. तंगसिंग विधीत साम्बा रात्र-रात्र गातो. ती भाषा रोजच्या लिम्बूपेक्षा वेगळी असते. एकाच गोष्टीला दोन-दोन नावे जोडीने येतात, एक ओळ दुसरीला साद घालते. नेपाळीत या म्हणण्याला ‘फलाक्नु’ असे क्रियापद आहे. मराठीत ‘वाचणे’ किंवा ‘पठण करणे’ नको, ‘गाणे’ किंवा ‘म्हणणे’ ठेवा.

आणखी एक. ‘मौखिक’ हे विशेषणही सरसकट लावू नका. लिम्बू स्वतःच दोन प्रकार मानतात: थुंगसाप म्हणजे तोंडी चालत आलेले, पेसाप म्हणजे लिहिलेले. त्यांची स्वतःची सिरिजंगा लिपी आहे.

माझे मत : ‘मुन्धुम’ तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडा करा. लिंग नपुंसक घ्यावे, ‘ते मुन्धुम’; गाणे, पुराण, शास्त्र यांच्या पंगतीत ते सहज बसते.

प्रश्न : आणि ‘किराती’? मराठी वाचकाला किरात म्हटले की अर्जुनाशी लढणारा शंकर आठवतो, म्हणजे शिकारी.

उत्तर : संस्कृतात तो अर्थ आहेच, पण तो बाहेरून पाहणाऱ्यांचा. आज ते लोक हे नाव अभिमानाने लावतात. नेपाळच्या २०२१च्या जनगणनेत सुमारे ९ लाख २४ हजार जणांनी आपला धर्म ‘किरात’ असा नोंदवला. म्हणून ‘किरात धर्म’ लिहा, ‘भिल्ल-शिकारी’ असा खुलासा कंसात घालू नका.

तसे हे नाव आपल्या घरात कधीचेच आहे. तापावर आजी उकळून द्यायची ते काडेचिराईत. संस्कृतात ते ‘किराततिक्त’, किरातांच्या मुलखातले कडू. ही वनस्पती हिमालयातली, आणि पूर्व नेपाळच्या डोंगरांतून आजही ती गोळा होते.