अनुभव धागा: प्रार्थनेची गोडी आटते तेव्हा आपण श्रद्धेत कसे टिकून राहता?

राखेच्या बुधवारी आपला ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो आणि रविवार वगळता चाळीस दिवसांनी पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) येतो. सोलापुरात हे दिवस नेमके ऊन चढत जाण्याचे असतात. या काळात मंडळीत (चर्चमध्ये) संदेश पुष्कळ ऐकायला मिळतात. परंतु उपासनेहून घरी परतल्यावर, सोमवार ते शनिवार, बायबल उघडूनही मन लागत नाही तेव्हा आपली माणसे काय करतात, हे क्वचितच बोलले जाते. म्हणून हा धागा सुरू करीत आहे. सिद्धान्त सांगण्यापेक्षा आपला नित्यक्रम लिहावा, अशी विनंती आहे. नाव द्यायचे नसल्यास केवळ व्यवसाय लिहिला तरी चालेल.

निवृत्त शिक्षिका:

आमच्या घरी संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना सासूबाईंच्या काळापासून चालत आली आहे. एक गीत, एक स्तोत्र, घरातील कोणा एकाची प्रार्थना आणि शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना, असा तिचा क्रम असतो. बायबलातील ११९ व्या स्तोत्राची १७६ वचने आहेत आणि ती आठ-आठ वचनांच्या २२ भागांत विभागलेली आहेत. त्यामुळे रोज एक भाग घेतला की लहान मुलेही कंटाळत नाहीत.

यजमान गेल्यावर मात्र माझ्या तोंडून स्वतःची अशी प्रार्थना निघेनाशी झाली. महिला मंडळाच्या भगिनी संध्याकाळी येऊन सतरंजीवर बसत, त्यांच्यातील सर्वांत वडील बाई ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ असे म्हणू लागत आणि मी केवळ ओठ हलवीत असे. रोजच्या भाकरीच्या ओळीपर्यंत येता येता कधी माझा आवाज फुटे, कधी तेवढेही होत नसे. त्यांनी मला उपदेश केला नाही. माझ्या वाटची प्रार्थना त्या करीत, चहा घेत आणि पुन्हा येण्याचा वार सांगून जात. त्याच दिवसांत ८८ वे स्तोत्र माझ्या हाती लागले. विलापाची बहुतेक स्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात, हे स्तोत्र अंधारातच संपते. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे आणि मंडळीने ते पिढ्यान्‌पिढ्या वाचले आहे, या जाणिवेने मला जेवढा आधार दिला तेवढा कोणत्याही सांत्वनाने दिला नाही.

महाविद्यालयीन विद्यार्थी:

बाईंबद्दल पूर्ण आदर राखून एक शंका मांडतो. तेच ते शब्द रोज म्हटले की जीभ चालत राहते आणि मन भलतीकडे जाते, असा माझा अनुभव आहे. व्यर्थ बडबड करू नका, असे प्रभूनेच सांगितले आहे. मला रात्री गच्चीवर जाऊन आपल्या शब्दांत, मोकळेपणाने बोललेले अधिक खरे वाटते.

निवृत्त शिक्षिका:

तुमची शंका रास्त आहे आणि गच्चीवरची प्रार्थना अवश्य चालू ठेवावी. एवढेच पाहावे की मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथात, सहाव्या अध्यायात बडबडीविषयीची ती सूचना सातव्या वचनात येते आणि लगेच नवव्या वचनापासून प्रभू शिष्यांना शब्दांत बांधलेली प्रार्थना शिकवतो. वधस्तंभावर असह्य यातना होत असतानाही त्याच्या मुखी २२ व्या स्तोत्राचा आरंभ आला. आपले शब्द संपतात तेव्हा पाठ असलेले शब्दच उपयोगी पडतात, हे मी अनुभवाने सांगते.

यंत्रमाग कामगार:

मी चादरीच्या कारखान्यात काम करतो. मागांच्या आवाजात शेजारच्या माणसाशी बोलायचे तर त्याच्या कानाशी जावे लागते. निवांत वेळ काढून मनन करणे आमच्या पाळीत जमत नाही. म्हणून मी एक सवय लावून घेतली आहे. मागावर आडवे सूत नेणाऱ्या धोट्यातील कांडीवरचे सूत संपले की कांडी बदलावी लागते. हात रिकामी कांडी काढून भरलेली बसवतात तेवढ्यात मी मनात म्हणतो, ‘प्रभू येशू, मज पाप्यावर दया कर.’ लूकच्या १८ व्या अध्यायात मंदिरात दूर उभ्या राहिलेल्या जकातदाराची जी प्रार्थना आहे, तिच्यावरूनच ही घेतली आहे. सूत काही मी सांगून संपत नाही, त्यामुळे प्रार्थनेची वेळ मी ठरवत नाही आणि टाळतही नाही. घरी गेल्यावर थकव्याने वाचन झाले नाही, तरी दिवस देवावाचून गेला असे वाटत नाही.

परिचारिका:

रात्रपाळीत पहाटे तीनच्या सुमारास वॉर्ड शांत झाला की मी १२१ वे स्तोत्र म्हणते. इस्राएलाचा रक्षक झोपत नाही आणि डुलकीही घेत नाही, हे त्यातील वचन जागरण करणाऱ्या माणसाला फार जवळचे वाटते.

मंडळीचे पाळक (धर्मगुरू):

एक गोष्ट आवर्जून लिहावीशी वाटते. माझ्याकडे येणाऱ्या अनेकांना वाटते की प्रार्थना होत नाही म्हणजे विश्वास कमी झाला. बायबलातील १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला प्रथम उपदेश करीत नाही. तो त्याला ऊठ, खा, एवढेच सांगतो. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी असते, एलीया खाऊन पुन्हा झोपतो आणि देवदूत दुसऱ्यांदा येऊन खाऊ घालतो. त्यानंतर होरेब पर्वतापर्यंतचा प्रवास आणि देवाची मंद वाणी. म्हणून उन्हाळ्यात, नळाला पाणी येण्याच्या दिवशी पहाटे उठून भांडी भरणाऱ्या आणि नंतर दिवसभर राबणाऱ्या भगिनीला मी आधी तिच्या झोपेविषयी आणि जेवणाविषयी विचारतो. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर डॉक्टरांकडे जाण्यास सांगतो आणि गरज पडल्यास सोबतही जातो. ते अविश्वासाचे लक्षण आहे असे कोणीही कोणाला म्हणू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पुण्यात नोकरी करणारा तरुण:

सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडनंतर केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) मुक्ती मिशन तेथेच आहे. दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना आसरा, शिक्षण आणि हाताला काम देणाऱ्या त्या बाईंनी प्रार्थना आणि सेवा यांची कधी फारकत होऊ दिली नाही. ते स्टेशन मागे गेले की मी त्या आठवड्यात मदत करायच्या एका माणसाचे नाव मनाशी ठरवतो. मी एकटा राहतो, त्यामुळे केवळ स्वतःच्या मनाची अवस्था तपासत बसण्याचा मोह मोठा असतो. दुसऱ्याचे नाव समोर असले की माझी प्रार्थना सरळ होते.

नव्याने वाचन सुरू करू इच्छिणारी गृहिणी:

सर्वांचे अनुभव वाचले. माझ्या घरी ही परंपरा नाही. आरंभ कोठून करावा?

धागा सुरू करणारा:

ताई, मार्कच्या शुभवर्तमानापासून करावा. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान आहे, त्याचे १६ अध्याय आहेत. रोज एक अध्याय वाचावा, शक्य असल्यास मोठ्याने. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन अध्याय उरकण्याची घाई करू नये, राहिला तेथून पुढे जावे. पहिल्याच अध्यायाच्या ३५ व्या वचनात प्रभू स्वतः पहाटे अंधारात उठून एकांतात प्रार्थनेला गेलेला दिसेल. मार्क संपल्यावर स्तोत्रांकडे वळावे. आणि वाचन सुरू केल्याचे मंडळीतील एखाद्या वडीलधाऱ्या भगिनीला सांगून ठेवावे, म्हणजे रविवारी भेटल्यावर त्या आपणहून विचारतील. वर लिहिणाऱ्या शिक्षिका बाईंची हरकत नसेल तर संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी त्यांच्या घरीही जाता येईल.