छोट्या वेबसाइटला पेमेंट गेटवे हवाच कशाला?

कराडची_चटणी
मी आणि माझी जाऊ मिळून कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी विकतो. इतके दिवस सगळं व्हॉट्सॲपवर चालायचं. आता भाच्याने वूकॉमर्सवर (ऑनलाइन दुकान मांडायचं सॉफ्टवेअर) साइट उभी करून दिलीय आणि तो पेमेंट गेटवेच्या, म्हणजे साइटवरच गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन आपल्या खात्यात पोचवणाऱ्या सेवेच्या, मागे लागलाय. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा.

हिशेब असा. सरासरी ऑर्डर ४५० रुपयांची. गेटवेवाले साधारण २% घेतात, वर त्या फीवर १८% जीएसटी. म्हणजे ९ अधिक १.६२, एकूण १०.६२ रुपये. मिरची, डबा, खोका, कुरिअर वजा जाता एका ऑर्डरमागे साठ-सत्तर रुपये सुटतात. त्यातला सहावा हिस्सा नुसते पैसे इकडून तिकडे गेले म्हणून द्यायचा? यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर (दर व्यवहारामागे दुकानदाराकडून कापला जाणारा बँकेचा आकार) शून्य आहे आणि आमची बहुतेक गिऱ्हाइकं यूपीआयवालीच. चेकआउटच्या पानावर आमचा क्यूआर लावायचा, गिऱ्हाइकाने पैसे टाकून स्क्रीनशॉट पाठवायचा, झालं. यात काय वावगं आहे ते सांगा. "प्रोफेशनल दिसत नाही" हे कारण मात्र नको.

अर्धविराम
ताई, स्क्रीनशॉट बघून माल पाठवणार असाल तर १०.६२ रुपये स्वस्तच म्हणायचे. हिरवी बरोबरची खूण दाखवणारी बनावट ॲप्स पोरासोरांच्या फोनमध्ये असतात. बँकेच्या जमेत त्या व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर जुळल्याशिवाय खोका हलवायचा नाही, हा नियम करावा लागेल. दिवसाला चार-पाच ऑर्डरी असतील तर जमतं. दिवाळीच्या आठवड्यात ४५० ऐवजी ४०५ टाकणारा, दोनदा टाकणारा, नवऱ्याच्या खात्यातून टाकून ऑर्डर स्वतःच्या नावावर करणारी, आणि टीपेत ऑर्डर नंबरऐवजी "चटणी" लिहिणारे, हे सगळे एकदम येतात. रात्री अकरा वाजता ते जुळवत कोण बसणार, तुम्ही की जाऊबाई?

गेटवे पैसे आल्याचा निरोप थेट साइटला देतो. ऑर्डर आपोआप पुढे सरकते, स्टॉक कमी होतो, लेबल निघतं. फी त्या निरोपाची आहे.

आणि एमडीआर शून्य म्हणजे बँकेने तो घ्यायचा नाही, एवढंच. गेटवे स्वतःच्या यंत्रणेचे पैसे प्लॅटफॉर्म फी म्हणून लावतो. पण यूपीआयचा दर घासाघीस करून कमी होतो, विचारून बघा. छापील दरावर सही करणारे आपणच.

येवल्याचा_पदर
मी ताईंच्या बाजूने. माझ्याकडे गेटवे आहे, तरीही.

आमचा पैठणीचा धंदा. दसऱ्याआधी ऑर्डरी एकदम वाढल्या, तर आमच्या सेवेने (नाव घेत नाही) "रिस्क रिव्ह्यू" म्हणून सेटलमेंट अडवलं. गिऱ्हाइकाच्या कार्डातून पैसे गेलेले, आमच्या खात्यात आलेले नाहीत. माग चालवणाऱ्याला आठवड्याचे पैसे द्यायचे असतात, त्याला रिस्क रिव्ह्यू काय म्हणून सांगायचं? खरेदीची बिलं, कुरिअरच्या पावत्या, साड्यांचे फोटो, सगळं अपलोड करा. बोलायला माणूस नाही, चॅटबॉट "आपली गैरसोय आम्ही समजतो" म्हणतो. पैसे शेवटी आले, पण तोवर उसनवारी करून सण निघाला. शिवाय रिफंड दिला तरी कापलेली फी काही परत मिळत नाही. क्यूआरचा पैसा थेट खात्यात, मध्ये कोणी नाही.

अर्धविराम
उलाढाल अचानक उसळली की कुठलीही सेवा दचकते. सणाआधी त्यांना लेखी कळवून ठेवायचं. पण मग तुम्ही गेटवे बंद का नाही केलं?

येवल्याचा_पदर
बारा-पंधरा हजारांची साडी क्रेडिट कार्डावर किंवा ईएमआयवरच जाते. परदेशातली गिऱ्हाइकंही आहेत, त्यांच्या कार्डाला ३% च्या आसपास जातात, तरी परवडतं. आमची गरज आहे ती. चटणीला ईएमआय कोण मागतंय?

ताळेबंद
सीए आहे, म्हणून रुक्ष बोलतो.

एक, क्यूआर कुठल्या खात्याचा? घरच्या बचत खात्याचा असेल तर आजच काढा. चोरीचा पैसा फिरत फिरत चटणीचे ४५० म्हणून तुमच्याकडे आला आणि कोणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, तर बँक ती रक्कम अडकवते, कधीकधी अख्खं खातं गोठवते. मग पोराची फी, दूधवाला, सगळंच अडकतं. गेटवे मध्ये असला की विचारणा सहसा आधी त्याच्याकडे जाते. गेटवे नकोच असेल तर धंद्याच्या नावाने चालू खातं उघडा आणि बँकेकडून व्यापाऱ्याचा क्यूआर घ्या.

दोन, ४५० च्या बिलावर सरसकट १८% धरू नका. २००० रुपयांपर्यंतच्या कार्ड व्यवहाराच्या सेटलमेंटवर जीएसटीची सूट आहे, आणि ती रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालच्या पेमेंट ॲग्रिगेटरलाही (गिऱ्हाइकाचे पैसे स्वतः हाताळून दुकानदाराला देणारी कंपनी) लागू आहे, असा खुलासा डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या जीएसटी परिषदेत झाला. पैसे न हाताळता नुसती तांत्रिक सेवा देणाऱ्याला ती नाही. म्हणून महिन्याचं बिल उघडून बघा, कुणी बघत नाही. नियमित नोंदणी असेल तर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही मिळतं.

क्यूआरवरचा पैसा कुणाला दिसत नाही, असं कोणी समजत असेल तर २०२५ च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या होत्या, एवढंच सांगतो.

कराडची_चटणी
लपवायचं काही नाही हो साहेब. चालू खातं आहेच, क्यूआरही त्याचाच. समजा घेतलं गेटवे, तर कुठलं? भाचा रेझरपे म्हणतो, त्याचा मित्र कॅशफ्री म्हणतो, बँकेचा साहेब स्वतःचंच म्हणतो.

अर्धविराम
दरात फार फरक नाही, पाव टक्क्यासाठी आठवडा घालवू नका. मी तीन गोष्टी बघतो. टक्क्यांवर वर दर व्यवहाराला ठराविक दोन-तीन रुपये लावतात का? ४५० च्या ऑर्डरला तेच जास्त लागतं. वार्षिक शुल्क आहे का? आणि सेटलमेंट किती दिवसांनी?

आणखी एक. एकाच्या भरवशावर राहू नका. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२२ मध्ये रेझरपे आणि कॅशफ्री दोघांनाही नवे व्यापारी घेण्यापासून थांबवलं होतं, परवाने मिळून ते पुन्हा सुरू झाले थेट डिसेंबर २०२३ मध्ये. जुन्यांचं चालू राहिलं, नवे दारात उभे. म्हणून दोन ठिकाणी केवायसी करून ठेवा, वापरा एकच. साइटवर रिफंड आणि शिपिंगच्या अटींची पानं आधी टाका, अर्ज बहुधा तिथेच अडकतो. बरं झालं भाच्याने वूकॉमर्स घेतलं. शॉपिफाय या ऑनलाइन दुकानाच्या दुसऱ्या सेवेच्या बेसिक योजनेत बाहेरचा गेटवे जोडला की त्यांचे वर २% वेगळे.

येवल्याचा_पदर
दोन्ही ठेवा ना. क्यूआरने पैसे देणाऱ्याला दहा रुपये सूट. गिऱ्हाईक आपणहून तिकडे वळतं.

अर्धविराम
म्हणजे गेटवेला जाणारे दहा रुपये गिऱ्हाइकाला द्यायचे आणि रात्री यूटीआर जुळवायचे ते वेगळंच! यात वाचलं काय?

कराडची_चटणी
वाचलं हे, की माझं जुनं गिऱ्हाईक सुखावलं. आणि जुळवाजुळव जाऊ करते, तिला कोणाच्या नणंदेने ऑर्डर दिली तेही पाठ आहे. ओळखीच्यांना क्यूआर, अनोळखी असेल तर गेटवे, एवढ्यापर्यंत मी येते. पणजीहून आणि बेळगावहून बऱ्याच ऑर्डरी येतात, ती सगळी अनोळखीच.

ताळेबंद
थांबा. पणजी आणि बेळगाव? राज्याबाहेर माल विकता आणि जीएसटी नोंदणी आहे का?

कराडची_चटणी
चाळीस लाखांच्या खाली लागत नाही ना?

ताळेबंद
ती मर्यादा राज्यातल्या राज्यात. करपात्र माल राज्याबाहेर गेला की पहिल्या रुपयापासून नोंदणी. कंपोझिशनही (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) चालणार नाही, त्यात राज्याबाहेर विकता येत नाही. गेटवेचा अर्ज बाजूला ठेवा, उद्या पॅन आणि जागेच्या वीजबिलाची प्रत घेऊन जवळच्या सीएकडे जा. तोवर साइटवर फक्त महाराष्ट्राचे पिनकोड चालू ठेवायला सांगा भाच्याला.

कराडची_चटणी
त्याला आत्ताच फोन लावते.